ताराबाई मोडक : भावनगर ते कोसबाड

बडोद्यात वाढलेल्या आपल्या पिढीला बालमंदिर हा शब्द ओळखीचा आहे. आधी बालमंदिर, मग पहिली. गिजुभाई बधेकांचे नावही गुजराती शेजाऱ्यांकडून कधी ना कधी कानावर पडलेले असते. पण त्यांच्या खांद्याला खांदा लावून काम करणारी बाई मराठी होती, हे मंडळातल्या पुष्कळांना माहीत नसते. घरात नातवंडे आल्यावर मी या विषयाचे थोडेफार वाचन केले. त्यातून जे कळले ते लिहितो.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरच्या त्या केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे, त्यामुळे मुलीने शिकायचे की नाही हा प्रश्नच घरात नव्हता. १९१४ साली त्या बी.ए. झाल्या. त्या काळी पदवीधर बाई बघायला मिळणे दुर्मीळच! पुढच्या वर्षी लग्न झाले आणि त्या अमरावतीला गेल्या. यजमान वकील होते. संसार मात्र टिकला नाही. त्याच्या तपशिलात मी शिरत नाही. पदरी लहान मुलगी आणि हाताशी स्वतःचे शिक्षण, एवढ्या भांडवलावर त्या बाहेर पडल्या.

राजकोटला बार्टन ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्यपद मिळाले. चांगल्या पगाराची, मानाची जागा. गुजराती त्या तिथेच शिकल्या आणि तिथेच गिजुभाईंच्या कामाची माहिती त्यांना झाली. १९२३ मध्ये ही जागा सोडून त्या भावनगरला गेल्या. मी आयुष्यभर बँकेत काढले. नियमित पगाराची नोकरी सोडणे काय असते, तेही एकटीने मूल वाढवताना, हे मला चांगले कळते.

भावनगरला नानाभाई भट्टांनी १९१० मध्ये दक्षिणामूर्ती संस्था सुरू केली होती. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःला मुलगा झाल्यावर त्याला कसे वाढवावे या विचाराने त्यांना मादाम माँटेसोरींच्या पद्धतीचा शोध लागला, आणि वकिली सोडून ते मुलांत रमले. १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर सुरू केले. गुजरातेत त्यांना मूछाळी मा म्हणतात, म्हणजे मिशीवाली आई. आपल्या सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सगळ्या संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणले याचा आपल्याला अभिमान आहे. पण तो कायदाही सात वर्षांपासून पुढच्या मुलांचा होता. अडीच ते सहा वर्षांच्या मुलाचा विचार करायचा असतो, हेच तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हते. ते आईच्या पदराखालचे मूल. रडले तर गप्प करायचे, हट्ट केला तर धपाटा द्यायचा, आणि झोपत नसेल तर बागुलबुवा दाखवायचा.

बालमंदिरात यातले काहीच नव्हते. मार नाही, भीती नाही, बक्षिसाचे आमिषही नाही. मुलांनी लहान भांड्यातून पाणी ओतायचे, बटणे लावायची, केर काढायचा, आपले सामान आपण जागेवर ठेवायचे. पाणी सांडले तर रागवायचे नाही, पुसायला फडके द्यायचे. ऐकायला सोपे वाटते. पण तीन वर्षांच्या मुलाला सदऱ्याची चार बटणे लावायला दहा मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ मोठ्या माणसाने हात न लावता शेजारी बसणे फार अवघड असते. आम्ही अर्ध्या मिनिटात लावून टाकतो आणि वर मुलाला काही येत नाही म्हणून तक्रार करतो.

माँटेसोरीबाईंची पद्धत या दोघांनी जशीच्या तशी उचलली नाही, हे मला विशेष वाटते. बाईंना इतक्या लहान वयात परीकथा, राजाराणीच्या गोष्टी फारशा पसंत नव्हत्या. गिजुभाईंनी मात्र काठियावाडातल्या लोककथा, गाणी, नाटुकली बालमंदिरात आणली. गोष्टीवाचून मूल कसे वाढेल? आपल्याकडच्या कुठल्याही आजीला हे पटेल.

ताराबाईंनी भावनगरला सुमारे नऊ वर्षे काढली. शिक्षक तयार करण्याचे काम त्यांच्याकडे मोठ्या प्रमाणावर होते. गिजुभाईंबरोबर त्यांनी गुजरातीत लिहिले, शिक्षण पत्रिका चालवली, आणि १९२६ मध्ये तिथेच नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. हे लेखन शिक्षकांइतकेच आईवडिलांसाठी होते, कारण शाळेत दोन-तीन तासांत जे कमावले ते घरी संध्याकाळी घालवता येते. पुढे मुंबईला आल्यावर त्यांनी मराठी शिक्षण पत्रिका चालवली आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार काढले. मराठीतल्या त्यांच्या एका पुस्तकाचे नावच बालकांचा हट्ट असे आहे. हट्ट म्हणजे वाईट वळण नव्हे, मुलाला काहीतरी स्वतः करायचे असते आणि आपण आड येतो, हा विचार त्या काळी मराठी घरांत नवा होता. आमच्या घरी जेवताना नातवाच्या हातात मोबाइल द्यावा की नाही यावरून अजून दोन पक्ष आहेत, त्यामुळे तो विचार पुरता जुना झाला असे मला तरी म्हणवत नाही.

एवढ्यावर ताराबाई थांबल्या असत्या तरी नाव राहिले असते. पण हिशेब घातला तर एक गोष्ट दिसते. माँटेसोरीची साधने महाग, शिकवणारी बाई खास तयार केलेली, इमारत वेगळी. म्हणजे हे सगळे फी भरू शकणाऱ्या शहरी घरांसाठी झाले. उरलेल्या मुलांचे काय? गांधीजींच्या विचारांचाही ओढा होताच. १९४५ च्या डिसेंबरात त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या. बरोबर अनुताई वाघ होत्या, ३५ वर्षांच्या, बालपणीच विधवा झालेल्या. दोघींची ही जोडी ताराबाईंच्या अखेरीपर्यंत टिकली.

बोर्डी आपल्या वाटेवरच आहे. बडोद्याहून मुंबईला जाताना उंबरगाव मागे पडले की बोर्डी रोड, घोलवड, आणि मग डहाणू. त्या पट्ट्यातून आपण शेकडो वेळा गेलो असू, चिकू घेतले असतील.

तिथे बालवाडी उघडली, पण वस्त्यांवरची मुले येईनात. कारण सरळ होते. आईबाप दिवस उजाडताच कामावर जायचे आणि धाकटे मूल थोरल्या बहिणीच्या कडेवर असायचे. म्हणजे धाकटे बालवाडीत नाही आणि ती सात-आठ वर्षांची मुलगीही शाळेत नाही. तेव्हा मूल येत नसेल तर बालवाडीनेच वस्तीवर जायचे असे ठरले. झाडाखाली, कुणाच्या तरी अंगणात मुले गोळा करायची. त्यातून अंगणवाडी हा शब्द आला. बालवाडी हा शब्दही ताराबाईंचाच मानतात.

अंगणात पहिला धडा अक्षरांचा नव्हता. आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे, खरजेला औषध लावणे इथून सुरुवात झाली. साधने म्हणून शिंपले, खडे, चिंचोके, पाने, काड्या. मोजायला चिंचोके लाकडी मण्यांपेक्षा काही कमी नाहीत, आणि खर्च शून्य. माझ्या मते भावनगरला त्या शिकल्या त्यापेक्षा हे काम अवघड होते, कारण इथे शिकलेले निम्मे बाजूला ठेवून फक्त गाभा जपायचा होता.

१९५७ मध्ये काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मध्ये गेले. तिथे विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. थोरलीने धाकट्याला कडेवर घेऊनच यायचे, त्याला पाळणाघरात ठेवायचे आणि आपल्या वर्गात बसायचे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढल्या, म्हणजे गुरे जिथे चरतात तिथेच शिकवायचे. मुलाच्या घरची अडचण हा शिक्षणाचा अडथळा न मानता तिथूनच आखणी करायची, असे हे काम होते.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज गुजरातेतही गल्लोगल्ली तो शब्द ऐकू येतो. अनुताईंनी कोसबाडचे काम १९९२ मध्ये जाईपर्यंत सांभाळले.

गिजुभाईंची पुस्तके इथे गुजरातीत सहज मिळतात. ताराबाईंची मराठी पुस्तके मात्र शोधावी लागतात. कुणाच्या घरी जुन्या कपाटात त्यांचे पुस्तक किंवा मराठी शिक्षण पत्रिकेचे अंक असतील तर मंडळाला जरूर कळवावे. नव्या आईबाबांना वाचायला देता येतील, आणि आम्हा आजोबांनाही.