सुरतेचे लवजी

वाडिया म्हटलं की मला आधी बिस्किटं, कापड नाहीतर जुने स्टंटचे सिनेमे आठवायचे. गुजरातीत मात्र वाडिया म्हणजे जहाजं बांधणारा. आडनावच धंद्यावरून पडलेलं, आणि तो धंदा सुरतेचा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या इंग्रजांना चांगलं जहाज हवं असलं की त्यांना तापीकाठीच यावं लागे.

१७३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने ‘क्वीन’ नावाचं जहाज सुरतेत धनजीभाईंकडे बांधायला दिलं. मुंबईहून आलेल्या डडली साहेबाची नजर तिथल्या मुकादमावर गेली. हेच लवजी नसरवानजी. साहेबाने मुंबईला चला म्हणून गळ घातली, पण हातातलं जहाज पुरं करून दिल्याशिवाय आणि मालकाने परवानगी दिल्याशिवाय लवजी सुरत सोडायला तयार होईनात. मला हा माणूस इथेच आवडला. जहाज झालं, मग १७३६ मध्ये ते थोडे सुतार घेऊन मुंबईला आले.

बरोबर आलं ते सुरतेचं कसब. युरोपात जहाजाच्या फळ्या कडेला कड लावून ठोकत आणि फटीत जुन्या दोरखंडाचे धागे कोंबून वर डांबर ओतत. लाटांनी लाकूड हललं की हे भरण सुटायचं, पाणी आत. सुरतेचे कारागीर फळीच्या कडेला खाच पाडून शेजारची फळी त्या खाचेत बसवत. वेळखाऊ काम, पण सांधा घट्ट. शिवाय लाकूड सागवानी. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागातलं तेल उलट त्यांना जपतं. आज शर्यतीच्या फायबरच्या होड्या बांधणारेही याच काळजीत असतात, की बांधा हलू नये आणि पाणी शिरू नये. वजनाची चिंता तेवढी वाढली.

१७५० मध्ये मुंबईत लवजींच्या देखरेखीखाली सुकी गोदी उभी राहिली. जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी काढायचं, की तळ कोरडा आणि हाताशी. त्याआधी ओहोटीच्या चिखलात जहाज कलतं करून जमेल तेवढं खरवडत.

एवढं करून १७७४ साली ते गेले तेव्हा मागे काय, तर एक घर आणि वीस हजारांहून कमी रुपये! नातवंडांचंही लाड नाहीत. फ्रामजी आणि जमशेदजी या दोन नातवांना त्यांनी गोदीत साधे सुतार म्हणून लावलं, पगार महिना बारा रुपये. आधी रंधा, मग हुकूम.

त्यातल्या जमशेदजींनी पुढे ब्रिटिश नौदलासाठी युद्धनौका बांधल्या. १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरलेली त्यांची ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे, आणि तिचं लाकूड आपल्याकडचंच सागवान आहे.