फारसीचे प्राध्यापक, मराठीचे छंदःशास्त्रकार : डॉ. माधवराव पटवर्धन

मराठी मंडळांच्या समारंभांत मायबोलीची जी कविता म्हटली जाते, ती माधव जूलियन यांची, हे बहुतेकांस ठाऊक असते. परंतु ती लिहिणारे माधव त्र्यंबक पटवर्धन हे चरितार्थासाठी फारसी शिकवीत असत आणि त्यांचा जन्म महाराष्ट्राबाहेर झाला होता, हे क्वचितच कोणी सांगतो. आम्हां परप्रांतस्थांस माधवरावांची ही दुसरी बाजू अधिक जवळची वाटावी, म्हणून हा अल्प परिचय.

२१ जानेवारी १८९४ रोजी बडोदे येथे त्यांचा जन्म झाला. सयाजीराव महाराजांच्या त्या नगरीत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती, तरी भोवतालची बोली गुजराती होती. बडोदे कॉलेजातून १९१६ साली ते पदवीधर झाले, पुढे मुंबईस एम.ए. केले आणि १९१८ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात फारसी शिकवू लागले. १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळात ते, यशवंत, गिरीश आदी कवी एकत्र आले. त्यानंतर वर्षभराने त्यांच्या खासगी जीवनावरून वादळ उठले व फर्ग्युसनमधील नोकरी सुटली. त्या प्रकरणाची चर्चा पुष्कळ झालेली आहे. आम्ही तीत शिरत नाही. १९२८ पासून अखेरपर्यंत ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात प्राध्यापक होते.

आता त्यांच्या व्यासंगाकडे वळू. १९२५ साली त्यांचा फारसी-मराठी कोश भारत इतिहास संशोधक मंडळाने प्रसिद्ध केला. शिवकालीन पत्रे ज्याने चाळली असतील त्यास अशा कोशाचे मोल सांगावयास नको; फारसीचा आधार नसेल तर त्यांतील ओळीमागून ओळ अडते. उमर खय्यामच्या रुबाया त्यांनी मूळ फारसीवरून मराठीत आणल्या (१९२९). दोनच वर्षांनी फिट्‌सजेराल्डच्या प्रसिद्ध इंग्रजी अवतारावरून ‘द्राक्षकन्या’ रचली. मूळ खय्याम आणि इंग्रजांचा खय्याम यांत अंतर आहे हे मराठी वाचकास दाखविण्याचा याहून सरळ मार्ग आम्हांस सुचत नाही. ‘गज्जलांजलि’ने (१९३३) फारसी गझलेचा घाट मराठीत रुजविण्याचा पाया घातला.

पण त्यांचे खरे जीवितकार्य म्हणजे ‘छंदोरचना’. १९२७ साली निघालेला हा ग्रंथ दहा वर्षांनी, १९३७ साली, वाढवून व नव्याने मांडून त्यांनी पुन्हा प्रसिद्ध केला. मराठी पद्य कोणत्या मापाने चालते, हा त्यातील प्रश्न. संस्कृत वृत्तांचे शास्त्र तयार होते. परंतु ओवी, अभंग, पदे, लावण्या त्या चौकटीत नीट बसत नव्हत्या. माधवरावांनी वृत्त, जाती आणि छंद असे विभाग केले. जातींमध्ये ठरावीक मात्रांचे आवर्तन फिरून फिरून येते हे ओळखून त्यांनी त्या आवर्तनांस नावे दिली. पाच मात्रांचे ते हरावर्तन, सहांचे भृंगावर्तन, सातांचे अग्न्यावर्तन, आठांचे पद्मावर्तन. शंकरास पाच मुखे, भुंग्यास सहा पाय, अग्नीस सात जिव्हा, कमळ अष्टदल. एकदा ऐकले की विद्यार्थी जन्मभर विसरणार नाही. यात आम्हांस पंडिताइतकाच वर्गात उभा असलेला शिक्षक दिसतो.

आणि हेच गृहस्थ पुढे भाषाशुद्धीचे कैवारी झाले! आरंभीच्या कवितेत फारसी शब्दांची मुक्त पखरण करणारा कवी, स्वतः कोशकार, १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहितो, याचे अनेकांस नवल वाटले. आम्हांस ते तितके वाटत नाही. परका शब्द कोणता आणि तो घरात केव्हा शिरला, हे ज्यास ठाऊक, तोच तो काढण्याची भाषा अधिकाराने करू शकतो. तथापि त्यांच्याशी सर्वस्वी सहमत होणे आम्हांस जमलेले नाही. अर्ज, रजा, तपशील, दाखला, शिफारस, बदली या शब्दांवर आम्ही तीस वर्षे सरकारी नोकरी केली. त्यांतील कोणताही शब्द आमच्या आजीस परका वाटला नसता. आमच्या मुलांच्या तोंडी आज शेजारच्या प्रांतांचे जे शब्द येतात, त्यांचे काय करावे, हा प्रश्न मात्र माधवरावांचाच आहे; तो घराघरांत रोज जेवणाच्या पानावर निघतो.

मान त्यांना हयातीतच मिळाला. १९३६ साली जळगावच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ‘छंदोरचने’बद्दल मुंबई विद्यापीठाने १९३८ च्या अखेरीस त्यांस डी.लिट्. दिली, मराठी साहित्यातील कार्यासाठी ही पदवी मिळविणारे ते पहिले. त्यास जेमतेम वर्ष झाले असेल नसेल, तोच २९ नोव्हेंबर १९३९ रोजी पुणे येथे ते निवर्तले. वय अवघे पंचेचाळीस. खय्यामच्या रुबायांवर त्यांनी तिसऱ्यांदा हात फिरविला होता. ती ‘मधुलहरी’ त्यांच्या मागे, १९४० साली छापून निघाली.