पंडिता रमाबाईंचे सोपे शब्द

रमाबाई डोंगरे यांचा जन्म १८५८ सालचा. संस्कृत त्या आईकडून शिकल्या. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ म्हणून गौरविले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे पुण्याजवळ केडगावला निराधार स्त्रियांसाठी ‘मुक्ती सदन’ उभारले.

तेव्हाच्या मराठी बायबलातले जड संस्कृत शब्द साध्या बायकांना कळत नसत. म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या व सबंध बायबल सोप्या मराठीत आणले. छपाईला आश्रमातल्याच स्त्रियांचे हात लागले. १९२२ मध्ये रमाबाई वारल्या. पूर्ण ग्रंथ १९२४ साली निघाला. तो पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

मुलांनो, जड शब्द अडला तर लाजू नका, विचारा. आणि पालकहो, तो सोपा करून सांगण्यात कमीपणा नाही. संस्कृतच्या पंडितेनेही तेच केले!