घराघरांतील मिळकतीचा शोध घेणारे अर्थशास्त्रज्ञ : डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव

बंगळुरू शहराच्या पश्चिमेस नागरभावी येथे सामाजिक व आर्थिक परिवर्तन संस्था उभी आहे. तिचे संस्थापक डॉ. विजयेंद्र कस्तुरी रंग वरदराज राव यांचे नाव नव्या पिढीच्या फारसे परिचयाचे नाही. तथापि भारतीय कुटुंबाची मिळकत किती, ते कोणत्या कामावर जगते आणि त्याचे राहणीमान कसे आहे, या प्रश्नांना अंदाजाऐवजी शास्त्रशुद्ध उत्तर मिळावे यासाठी ज्या अर्थतज्ज्ञांनी आयुष्य वेचले, त्यांत डॉ. राव अग्रभागी होते.

डॉ. राव यांचा जन्म ८ जुलै १९०८ रोजी तमिळनाडूतील कांचीपुरम येथे झाला. उच्च शिक्षणासाठी ते मुंबईत आले. विल्सन महाविद्यालय आणि मुंबई विद्यापीठ येथे त्यांच्या अर्थशास्त्राच्या अभ्यासाचा पाया घातला गेला. भारतातील आयकराविषयीचा त्यांचा ग्रंथ १९३१ मध्ये, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या सुमारास प्रसिद्ध झाला. पुढे ते इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात दाखल झाले. जॉन मेनार्ड केन्स यांच्या विचारांनी त्या काळी तेथील वातावरण भारलेले होते आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या मापनाचे अग्रणी अभ्यासक कॉलिन क्लार्क तेथे सांख्यिकी शिकवत होते. अशा वातावरणात राव यांनी ब्रिटिश हिंदुस्थानचे राष्ट्रीय उत्पन्न हा विषय संशोधनासाठी निवडला.

हा विषय केवळ विद्वत्तेचा नव्हता. दादाभाई नौरोजी यांनी १८६७-६८ या वर्षासाठी दरडोई उत्पन्न अवघे २० रुपये असल्याचा हिशेब मांडला होता. तेव्हापासून परकीय राजवटीत भारतीय माणूस अधिक दरिद्री होत आहे की सुखी, या वादात प्रत्येक पक्ष आपापले आकडे पुढे करीत असे. मात्र या आकड्यांमागची सामग्री तोकडी होती. शेतकऱ्याच्या घरातील ज्वारी बाजारात न जाताच घरात खाल्ली जाई. सालगड्याचा मोबदला बहुधा धान्य आणि कपड्यांच्या रूपाने मिळे. विणकर, कुंभार, छोटा दुकानदार यांच्या घरी जमाखर्चाची वही नसे. अशा कुटुंबांचे उत्पन्न कोणत्याही सरकारी दप्तरात सापडणे शक्य नव्हते.

राव यांनी या अडचणीवर व्यवहार्य तोडगा काढला. अर्थव्यवस्थेचे त्यांनी दोन भाग केले. शेती, पशुपालन, खाणी, वने, मासेमारी अशा क्षेत्रांत प्रत्यक्ष उत्पादनाचे मूल्य काढले, तर उद्योग, वाहतूक, व्यापार, सेवा आदी क्षेत्रांत त्या कामांत गुंतलेल्या लोकांच्या मिळकतीचा अंदाज घेतला. या मिश्र पद्धतीने त्यांनी १९३१-३२ या मंदीच्या वर्षासाठी दरडोई वार्षिक उत्पन्न ६२ रुपये असल्याचे दाखवले. हा अभ्यास १९४० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि स्वातंत्र्यपूर्व काळातील सर्वांत विश्वासार्ह अंदाजांपैकी एक म्हणून त्याची गणना होऊ लागली.

स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने ऑगस्ट १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस हे तिचे अध्यक्ष होते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रा. धनंजयराव गाडगीळ आणि डॉ. राव हे सदस्य होते. देशाचे एकूण उत्पन्न मोजण्यास बसलेल्या या तिघांना प्रथम जाणवली ती आकडेवारीतील मोठी पोकळी. खेड्यातील कुटुंब काय पिकवते, काय खाते, किती दिवस कामावर असते, याची देशव्यापी माहितीच उपलब्ध नव्हती. ही पोकळी भरून काढण्यासाठी १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. ऑक्टोबर १९५० मध्ये सुरू झालेल्या पहिल्या फेरीसाठी १,८३३ गावांची निवड करण्यात आली आणि त्या कामात गोखले संस्थेचाही सहभाग होता. देशातील प्रत्येक घरी न जाता, शास्त्रीय पद्धतीने निवडलेल्या थोड्या घरांना भेट देऊन संपूर्ण देशाचे चित्र रेखाटण्याचा हा प्रयत्न त्या काळी जगातही नवा होता.

कुटुंबाकडे पाहण्याची राव यांची दृष्टी त्यांच्या सैद्धांतिक लेखनातही दिसते. १९५२ मध्ये लिहिलेल्या एका गाजलेल्या निबंधात त्यांनी केन्सचा गुणक सिद्धांत भारतासारख्या देशाला जसाच्या तसा लागू पडत नाही, असे प्रतिपादन केले. औद्योगिक देशात मजूर वेतनावर काम करतो आणि काम सुटले की तो उघडपणे बेकार ठरतो. भारतात मात्र बहुसंख्य लोक स्वतःच्या शेतात वा घरगुती धंद्यात राबतात. तेथे दोघांचे काम चौघे वाटून घेतात, त्यामुळे बेकारी डोळ्यांना दिसत नाही. शिवाय वाढीव उत्पन्नाचा बराचसा भाग घरातच खाण्यात खर्च होतो. या छुप्या बेकारीमुळेच केवळ पैसा ओतून उत्पादन वाढत नाही, किमती मात्र वाढतात, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. काम आहे किंवा नाही, एवढ्याच प्रश्नाने भारतातील रोजगार मोजता येत नाही, हे पुढे प्रा. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीनेही १९७० मध्ये दाखवून दिले. तिच्या शिफारशींच्या आधारे १९७२-७३ पासून रोजगारविषयक पाहण्यांची नवी पद्धत अमलात आली.

संशोधन व्यक्तीवर नव्हे तर संस्थेवर उभे राहावे, अशी राव यांची धारणा होती. १९४९ मध्ये त्यांनी दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची, तर १९५८ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ इकॉनॉमिक ग्रोथची स्थापना केली. गरीब देशांना सवलतीच्या दराने कर्ज देणारी आंतरराष्ट्रीय यंत्रणा असावी, ही कल्पना त्यांनी १९४९ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या व्यासपीठावर मांडली होती. १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय विकास संघटनेच्या रूपाने तिला मूर्त स्वरूप आले. ते नियोजन आयोगाचे सदस्य होते. १९६७ मध्ये बेल्लारी मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आल्यावर त्यांनी केंद्रीय मंत्रिपदही भूषविले. ते शिक्षणमंत्री असताना १९६९ मध्ये भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ आणि सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्याचे सुपुत्र जे. पी. नाईक होते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सुपरिचित असलेली राष्ट्रीय सेवा योजनाही राव यांच्याच कारकिर्दीत, २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली.

मंत्रिपदावरून दूर झाल्यावर त्यांनी पुन्हा संशोधनाची वाट धरली आणि १९७२ मध्ये बंगळुरू येथे सामाजिक व आर्थिक परिवर्तन संस्था स्थापन केली. आर्थिक बदलाबरोबर समाजातील बदलही तपासला पाहिजे, ही भूमिका संस्थेच्या नावातच व्यक्त झाली आहे. त्याच सुमारास पुण्याचे वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी नमुना पाहणीतील खर्चाच्या आकड्यांवरून देशातील दारिद्र्याचे मापन १९७१ मध्ये प्रसिद्ध केले होते. त्यासाठी त्यांनी दररोज दरडोई २,२५० उष्मांक हा निकष वापरला. केवळ उष्मांकांच्या आधारे दारिद्र्य ठरवणे कितपत योग्य, या प्रश्नाची राव यांनीही सविस्तर चिकित्सा केली. अन्न, पोषण व दारिद्र्य या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७४ मध्ये त्यांना पद्मविभूषण किताबाने गौरवण्यात आले होते. २५ जुलै १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

राव यांनी हाती घेतलेला प्रश्न मात्र अद्याप पूर्णतः सुटलेला नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीने १९५० आणि १९६० च्या दशकांत कुटुंबाचे उत्पन्न थेट विचारण्याचे प्रयोग केले. तेव्हा लोकांनी सांगितलेले उत्पन्न त्यांच्या खर्च आणि बचतीच्या बेरजेपेक्षाही कमी भरले. त्यामुळे अनेक दशके खर्चावरूनच राहणीमान ओळखण्याची पद्धत रूढ झाली. २०१७-१८ च्या खर्चविषयक पाहणीचे निष्कर्ष गुणवत्तेच्या कारणावरून सरकारने प्रसिद्ध केले नाहीत आणि त्यावरून मोठा वाद झाला. त्यानंतरच्या २०२२-२३ च्या पाहणीत २ लाख ६१ हजारांहून अधिक कुटुंबांची माहिती घेण्यात आली. तीत दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात ३,७७३ रुपये, तर शहरी भागात ६,४५९ रुपये आढळला. जून २०२५ मध्ये केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने कुटुंबांच्या उत्पन्नाची देशव्यापी पाहणी २०२६ मध्ये हाती घेण्याचे जाहीर केले.

धान्याचे अनुदान कोणाला द्यावे, रोजगार योजनेवर किती खर्च करावा, दारिद्र्य घटले की नाही, हे निर्णय आजही अशाच पाहण्यांवर अवलंबून आहेत. दारी आलेल्या प्रगणकाला कुटुंबाने विश्वासाने खरी माहिती द्यावी आणि शासनाने ती जशीच्या तशी लोकांपुढे ठेवावी, या दोन्ही गोष्टी साधल्या तरच या पाहण्यांना अर्थ उरतो. डॉ. राव यांचे जीवनकार्य त्या दृष्टीने आजही मार्गदर्शक ठरते.