मोडशीची नोंद ठेवणारे वैद्य गार्सिया द ओर्ता

पणजीतील उद्यानाला ज्यांचे नाव लाभले, ते गार्सिया द ओर्ता हे ज्यू वंशाचे पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आले. त्यांचे शिक्षण स्पेनमध्ये झाले असले, तरी प्राचीन ग्रंथांपेक्षा प्रत्यक्ष रुग्णाच्या निरीक्षणावर त्यांचा अधिक भर होता. १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी पटकीचे वर्णन केले आणि ‘मोडशी’ हे तिचे स्थानिक नावही नोंदवले. सतत वांत्या व जुलाब, मंद नाडी, गार पडलेली त्वचा, खोल गेलेले डोळे, तीव्र तहान आणि पायांत येणारे गोळे ही लक्षणे त्यांनी टिपली. येथील वैद्य मिरे-जिरे घातलेली तांदळाची कांजी देत, हेही त्यांनी लिहून ठेवले. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या या रोगाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये ओळखला. शरीरातून गेलेले पाणी व क्षार त्वरित भरून काढणे, हाच आजही उपचाराचा गाभा आहे.

ओर्ता १५६८ मध्ये निवर्तले. पुढच्याच वर्षी धर्मन्यायालयाने त्यांच्या बहिणीला जाळले आणि १५८० मध्ये ओर्तांच्या अस्थीही उकरून जाळल्या. त्यांचा ग्रंथ मात्र लॅटिन भाषांतरातून तोवर युरोपभर पोहोचला होता.