हृदयाची भाषा शिकविणारे धन्वंतरी : डॉ. रुस्तम जाल वकील

वाचकहो, आपल्यापैकी ज्यांचे वय आज साठीच्या पुढे आहे त्यांना गावचे हकीमसाहेब आठवत असतील. रोगी समोर येऊन बसला की ते काही विचारण्याआधी त्याचे मनगट हाती घेत, डोळे मिटीत आणि नब्ज पाहात. आज आपण छातीत दुखते म्हणून अकोल्याला किंवा नागपूरला जातो तेव्हा काखेत कागदांची फाईल असते आणि तपासण्या किती झाल्या यावरून डॉक्टर किती मोठा हे ठरविले जाते. यंत्रे वाईट नव्हेत. परंतु यंत्रापर्यंत कोणाला न्यावयाचे आणि कोणाला घरी पाठवावयाचे, हे ठरवितात ते डॉक्टरचे डोळे, बोटे आणि कान. हे डोळे, बोटे आणि कान कसे वापरावेत, हे भारतातील डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांना ज्यांच्या पुस्तकाने शिकविले, त्या मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांची ही हकीकत आहे.

आडनाव वकील आणि पेशा डॉक्टरचा! पारशी समाजात अशी व्यवसायावरून पडलेली आडनावे पुष्कळ. मग आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत एका पारशी डॉक्टरचे चरित्र कशासाठी, असे कोणी विचारील. एक तर इल्म कोणा एका जमातीच्या मालकीचे नसते. दुसरे असे की, ज्या औषधामुळे त्यांचे नाव जगभर झाले त्याच्या कथेत आपले हकीम अजमल खानही आहेत. आणि तिसरे कारण आपल्या अगदी दाराशी आहे, ते पुढे सांगतो.

रुस्तमजींचा जन्म १९११ साली मुंबईत झाला. वैद्यकीचे शिक्षण त्यांनी लंडनमध्ये घेतले, तेथील एम. डी. ही पदवी मिळविली आणि दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास ते मायदेशी परत आले. परळचे किंग एडवर्ड मेमोरियल, म्हणजे आपण ज्याला के. ई. एम. म्हणतो, ते रुग्णालय १९२६ साली सुरू झालेले. तेथे त्यांनी मानद डॉक्टर म्हणून काम केले. परळ म्हणजे त्या काळी गिरण्यांचा भाग. गिरणीकामगार, हमाल, कोकणातून आणि घाटावरून पोटासाठी आलेली माणसे यांनी तेथील खाटा भरलेल्या असत.

त्या काळाचा विचार करा. क्ष-किरण होते, हृदयाचा आलेख काढणारे ई. सी. जी. यंत्रही होते, पण ते मोजक्या ठिकाणी. आज जिल्ह्याच्या गावीही ज्याचे नाव सर्वांना ठाऊक आहे ती इको तपासणी जन्मालाच आली नव्हती. ती स्वीडनमध्ये १९५३ साली सुरू झाली. म्हणजे हृदयाची कोणती झडप आवळली, कोणती गळते, हृदय किती वाढले, हे सारे डॉक्टरने खाटेशेजारी उभे राहून ओळखावयाचे.

ही विद्या एका दिवसात घडलेली नाही. इब्न सीना यांनी आपल्या कानून या ग्रंथात नाडीची दहा अंगे सांगितली. ऑस्ट्रियाचे औएनब्रुगर यांनी १७६१ साली छातीवर बोटांनी ठोकून आतले ओळखण्याची रीत छापली. ते खानावळवाल्याचे पुत्र होते आणि पिंप किती भरले आहे हे ठोकून पाहण्याची सवय त्यांना घरातूनच लागली, असे सांगतात. पॅरिसच्या लाएनेक यांनी १८१६ साली कागदाची गुंडाळी करून एका तरुण स्त्रीच्या छातीचे ठोके ऐकले. परक्या स्त्रीच्या छातीला कान लावणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. त्या संकोचातून स्टेथोस्कोप जन्मास आला! रशियाचे कोरोतकोव यांनी १९०५ साली रक्तदाब कानाने मोजण्याची रीत दिली. हा सारा वारसा भारतातील विद्यार्थ्याच्या हाती सोप्या क्रमाने देण्याचे काम डॉ. वकील यांनी केले. डॉ. अस्पी गोलवाला यांच्यासह त्यांनी रोगनिदानावर जे पाठ्यपुस्तक सिद्ध केले, ते 'क्लिनिकल डायग्नोसिस' आणि पुढे 'फिजिकल डायग्नोसिस' या नावाने देशभर वापरले गेले.

विद्यार्थी मित्रहो, ही तपासणी असते तरी कशी, ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण तुमच्यापैकी काहीजण उद्या हीच परीक्षा देणार आहेत.

रुग्णाच्या उजव्या बाजूस उभे राहावे. आधी आपले नाव सांगावे, परवानगी घ्यावी, हात गार असतील तर चोळून ऊबदार करावेत. रुग्णाला पाठीशी उशा देऊन साधारण पंचेचाळीस अंशांत टेकवावे. स्त्री रुग्ण असेल तर तिच्या सोबतीचे कोणी जवळ असावे आणि लागेल तेवढाच भाग उघडा करावा. मग पहिले काम पाहण्याचे. ओठ निळसर आहेत काय? बोटांची टोके फुगून नखे पोपटाच्या चोचीसारखी वाकली आहेत काय? दम लागतो आहे काय?

नंतर नाडी. तीन बोटे मनगटावर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजावयाची, पंधरा सेकंद मोजून चाराने गुणावयाचे नाही. मोठ्या माणसाची विश्रांतीतील नाडी मिनिटाला साठ ते शंभर. पण आकडा ही फक्त सुरुवात. ठोके सारख्या अंतराने पडतात की अधूनमधून चुकतात? नाडी भरलेली आहे की पातळ? रुग्णाचा हात वर उचलला असता ती तळहाताखाली झपकन उसळून लगेच खाली बसते काय? तसे झाले तर महारोहिणीची झडप गळत असण्याची शंका घ्यावी. दोन्ही मनगटांची नाडी एकाच वेळी तपासावी, मग मनगट आणि जांघ यांची. जांघेतील ठोका मागे पडत असेल तर मोठी रोहिणी मध्येच आवळलेली असू शकते. मानेतील दोन्ही नाड्या मात्र एकदम कधीही दाबू नयेत, रुग्णाला घेरी येईल.

रक्तदाब घेणे सर्वांना सोपे वाटते आणि चुका तेथेच सर्वांत अधिक होतात. रुग्णाला पाच मिनिटे शांत बसू द्यावे, हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा, जाड दंडाला लहान पट्टा बांधू नये. बांधल्यास दाब आहे त्याहून जास्त दिसतो. आधी नाडी बोटाने धरून पट्टा फुगवावा आणि ती कोठे नाहीशी होते ते पाहावे, मगच नळी कानाला लावावी. काही रुग्णांत आवाज मध्येच लोपतात आणि खाली पुन्हा सुरू होतात. हे पथ्य न पाळणारा फसतो.

यानंतर मानेतील नीला किती उंचीपर्यंत फुगली आहे ते पाहावयाचे. मग तळहात छातीवर. हृदयाच्या टोकाचा ठोका डाव्या बाजूस, पाचव्या फटीत, गळ्याच्या हाडाच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेच्या आत लागतो. तो बाहेर सरकला असेल तर हृदय वाढले असण्याचा संभव. हाताला मांजराच्या गुरगुरण्यासारखी थरथर लागली तर आत रक्त खळाळत वाहते आहे असे समजावे. आणि शेवटी कान! चार जागी ऐकावयाचे. नुसते ऐकावयाचे नाही. दुसऱ्या हाताची बोटे मानेच्या नाडीवर ठेवून, खळखळ ठोक्याबरोबर येते की दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत, हे ठरवावयाचे. आवळलेल्या झडपेची घरघर इतकी खोल असते की रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून, स्टेथोस्कोपची घंटा हलकेच टेकवूनच ती सापडते. गळतीचा मंद फुत्कार ऐकावयाचा तर रुग्णाला उठवून पुढे झुकवावे आणि श्वास सोडून थांबावयास सांगावे.

येथे माझी स्वतःची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. विद्यार्थीदशेत एका रुग्णाभोवती आम्ही दहाबाराजण उभे होतो. प्रत्येकाने नळी लावली, प्रत्येकाने मान डोलाविली. मला काहीच ऐकू आले नाही, तरी मीही मान डोलाविली. मग शिक्षकांनी आवाज पहिल्या ठोक्याच्या आधी की नंतर असे विचारले आणि माझी गाळण उडाली. ऐकू आले नाही असे म्हणण्याची हिंमत मला पुढे दोन वर्षांनी आली, आणि खरे सांगावयाचे तर त्यानंतरच मला ऐकू येऊ लागले.

डॉ. वकील यांच्या मोठेपणाचे मूळही मला अशाच प्रामाणिक नोंदीत दिसते. सर्पगंधा ही आपल्या देशातील जुनी वनस्पती. युनानी हकीम तिला असरोल म्हणतात. झोप येण्यासाठी, वेड शमविण्यासाठी, सर्पदंशावर, अशी ती पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. दिल्लीला हकीम अजमल खान यांनी उभारलेल्या तिब्बिया कॉलेजात डॉ. सलीमुज्जमां सिद्दीकी यांनी या मुळीतील द्रव्ये वेगळी काढली आणि १९३१ साली त्यांतील एकाला, १९२७ साली निवर्तलेल्या हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ, अजमलीन हे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी वाढलेल्या रक्तदाबावर चालते असे लिहिले. पण लिहिले ते वाचले किती जणांनी? पाश्चात्त्य वैद्यक देशी मुळीकडे ढुंकूनही पाहात नव्हते.

डॉ. वकील यांनी काय केले? ही मुळी श्रेष्ठ आहे असा गौरव करीत ते बसले नाहीत, की गावठी म्हणून त्यांनी ती फेकूनही दिली नाही. रक्तदाब वाढलेल्या रुग्णांना तिच्या गोळ्या देऊन त्यांनी दाब मोजला, टिपून ठेवला आणि ५० रुग्णांची हकीकत १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. रक्तदाब हा भीतीने वाढतो, जिना चढल्याने वाढतो, डॉक्टरचा पांढरा कोट पाहूनही वाढतो. म्हणून अशा प्रयोगाची सारी भिस्त मोजणाऱ्याच्या हातावर. दंडाला पट्टा बांधण्याची जी साधी रीत विद्यार्थी पहिल्या वर्षांत शिकतो, तिच्यावरच हा शोध उभा राहिला.

तो निबंध साता समुद्रापलीकडे वाचला गेला. बोस्टनच्या डॉ. विल्किन्स यांनी अमेरिकेत ते औषध वापरून पाहिले. स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९५२ साली मुळीतून रेसरपीन हे द्रव्य वेगळे केले. मनोरुग्णांवरही ते वापरले जाऊ लागले. १९५७ साली अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार डॉ. वकील यांना मिळाला, १९५८ साली भारत सरकारने पद्मभूषण दिले आणि १९६५ साली शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार. रेसरपीनने काही रुग्णांचे मन खचते असे पुढे आढळले आणि अधिक चांगली औषधे आल्यावर ते मागे पडले. अजमलीन मात्र हृदयाच्या ठोक्यांतील एक लपलेला दोष उघडकीस आणण्यासाठी आजही काही देशांत वापरतात. दिल्लीच्या हकीमसाहेबांचे नाव असे युरोपातील रुग्णालयांत घेतले जाते, हे आपल्या मुलांना कोणी सांगितले आहे काय?

डॉ. वकील १९७४ साली निवर्तले. वैद्यकाच्या इतिहासावर रसाळ निबंध लिहिणारा हा माणूस पुरते पासष्टांचे आयुष्यही जगला नाही.

आता दाराशी असलेले कारण. आपला वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, पण डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या मुलाला पुढेही अकोला, यवतमाळ, नागपूर हीच वाट धरावी लागली. २०२४ साली वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. प्रवेशाची नीट परीक्षा मराठीत पूर्वीपासून होती, २०१८ पासून ती उर्दूतही देता येते. तेव्हा कारंजा, रिसोड, मंगरूळपीर, मानोरा, मालेगाव येथील पालकांनी, मुलीला इतक्या दूर कसे पाठवावे, ही सबब यापुढे फार ताणू नये.

आणि पालकहो, या विद्येची गरज कोणाला आहे म्हणता? पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा दुखतो, ताप येतो, पुढे दोनतीन आठवड्यांनी गुडघा सुजतो, मग घोटा. घरचे म्हणतात, वाढीचे दुखणे आहे, तेल लावा. सांधे बरे होतात, परंतु त्याच आजाराने हृदयाची झडप खराब होऊन बसते, आणि ती मुलगी वीस वर्षांची होऊन बाळंतपणात धापा टाकू लागेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. वेळीच कोणी तिच्या छातीला नळी लावून ती खळखळ ओळखली, तर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन देऊन पुढची हानी पुष्कळ टाळता येते. दाटीवाटीच्या घरांतून हा आजार अधिक आढळतो, आणि अशी घरे आपल्या मोहल्ल्यांत कमी नाहीत. त्या खळखळीसाठी प्रत्येक गावात इको यंत्र येणार नाही. शिकलेला कान येऊ शकतो.

अकरावी-बारावीत जीवशास्त्र घेतलेल्या मुलामुलींना वाट पाहण्याचे कारण नाही. आज सायंकाळी घड्याळ समोर ठेवून आजोबांची नाडी पूर्ण मिनिटभर मोजा, मग आपली, मग जिना चढून पुन्हा आपली; तीनही आकडे तारीख घालून वहीत लिहा. मोजताना मधली बोटे वापरा, अंगठा नको. अंगठ्याला स्वतःचीच नाडी असते, आणि नवशिका आजोबांऐवजी स्वतःलाच मोजून बसतो.