स्वयंपाकघरातली पावले मोजणाऱ्या लिलियन गिलब्रेथ

हृदयविकाराच्या रुग्ण महिलेला आम्ही डॉक्टर मंडळी आराम करायला सांगतो. ती मान डोलावते, घरी जाते आणि ओट्यापाशी उभी राहते. पिठाचा डबा खालच्या खणात, अगदी आत. कुकर माळ्यावर. वाकायचे, उठायचे, टाचा उंचावून हात वर करायचे. हृदय कमकुवत असेल तर नुसते पुढे वाकल्यानेही काही रुग्णांना अर्ध्या मिनिटात दम लागतो. हातांनी केलेल्या कामात, तेवढ्याच श्रमाच्या पायांच्या कामापेक्षा नाडी आणि रक्तदाब अधिक वाढतात. तेव्हा भांडी कुठे ठेवली आहेत हा प्रश्न फक्त टापटिपीचा राहत नाही. तो गांभीर्याने घेणाऱ्या पहिल्या काही व्यक्तींत अमेरिकेच्या लिलियन गिलब्रेथ यांचे नाव घ्यावे लागते.

त्यांचा जन्म २४ मे १८७८ रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे झाला. मोठ्या कुटुंबातल्या त्या थोरल्या, त्यामुळे धाकट्या भावंडांचे करण्यात बालपण गेले. वडिलांचा मुलींच्या उच्च शिक्षणाला फारसा पाठिंबा नव्हता, तरी त्या बर्कलेच्या विद्यापीठात शिकल्या आणि १९०० साली पदवीधर झाल्या. १९०४ मध्ये त्यांचे फ्रँक गिलब्रेथ यांच्याशी लग्न झाले.

फ्रँक गवंडीकामातून वर आलेले बांधकाम कंत्राटदार होते. एक वीट रचताना गवंड्याच्या १८ हालचाली होतात हे त्यांनी मोजले आणि त्या साडेचारवर आणल्या. युक्ती साधीच होती. विटा जमिनीवर न ठेवता उंची बदलता येणाऱ्या परातीवर, कमरेच्या पातळीला ठेवायच्या, म्हणजे प्रत्येक विटेसाठी वाकणे नको. नवरा-बायको दोघांनी मिळून कारखान्यांतील कामगारांच्या हालचालींचे चित्रीकरण केले. ऑपरेशन थिएटरमध्येही कॅमेरा नेला. सर्जनचा वेळ हत्यारे शोधण्यात जातो असे त्यांना दिसले. आज नर्स हत्यार सर्जनच्या हातात देते आणि सर्जनला नजर हलवावी लागत नाही, या पद्धतीमागे त्या अभ्यासाचाही वाटा आहे. आम्ही रोज तिचा फायदा घेतो, पण ती कुठून आली याचा विचार क्वचितच करतो.

माणूस थकतो तो शरीराने आणि मनानेही, हा विचार या कामात लिलियन यांनी आणला. १९१५ साली ब्राऊन विद्यापीठातून त्यांनी पीएच.डी. मिळवली. दरम्यान संसार वाढतच होता. त्यांना बारा मुले झाली. त्यांतली एक मुलगी पाच वर्षांची असताना घटसर्पाने गेली. लस सर्वत्र पोहोचण्याआधीचा तो काळ.

पहिल्या महायुद्धात सैन्यात असताना झालेल्या गंभीर आजाराने फ्रँक यांचे हृदय कमकुवत झाले होते. १४ जून १९२४ रोजी रेल्वे स्टेशनवरून लिलियन यांच्याशी फोनवर बोलत असतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. पदरात अकरा मुले, सर्वांत धाकटी जेमतेम दोन वर्षांची. काही दिवसांतच लिलियन युरोपला रवाना झाल्या आणि पतीच्या जागी परिषदांत त्यांनी भाषणे दिली. परत आल्यावर मात्र अनेक कंपन्यांनी कामाचे करार पुढे चालू ठेवले नाहीत. एका बाईने कारखान्यातल्या पुरुषांना काम कसे करावे हे सांगावे, हे त्यांना पटत नव्हते. मग लिलियन यांनी अशी जागा निवडली जिथे बाईचा सल्ला कोणी नाकारणार नव्हते. ती म्हणजे स्वयंपाकघर.

गंमत अशी की त्यांना स्वतःला स्वयंपाक फारसा जमत नसे. घरी मदतनीस होते. कदाचित म्हणूनच त्यांना ते काम सवयीच्या नजरेने न पाहता परक्या नजरेने पाहता आले.

तेव्हाच्या अमेरिकी घरात शेगडी एका भिंतीला, मोरी दुसऱ्या, कपाट तिसऱ्या, आणि कोठीची खोली वेगळीच. १९२९ साली ब्रुकलिनच्या एका गॅस कंपनीसाठी त्यांनी नमुन्याचे स्वयंपाकघर आखले. शेगडी आणि ओटा शेजारी-शेजारी, वर शिधा, खाली भांडी, फ्रीज एका पावलावर. सोबत चाकांचे टेबल, हवे तिथे ओढून घ्यायचे, जेवण झाले की उष्टी भांडी त्यावर ठेवून मोरीपर्यंत न्यायची. मग एकच केक जुन्या पद्धतीच्या आणि या नव्या स्वयंपाकघरात करून पाहिला. कामांची संख्या ९७ वरून ६४ वर आली. पावले २८१ होती ती ४५ झाली, म्हणजे सहाव्या हिश्श्याहूनही कमी.

हल्ली जागा वाचवणे म्हणजे मिळेल त्या फटीत ट्रॉली बसवणे असे आपण समजतो. लिलियन यांची वाट वेगळी होती. वस्तू जिथे प्रथम वापरायची तिथेच ठेवायची. रोजच्या वस्तू खांदा आणि कंबर यांच्या मधल्या उंचीवर. ओट्याची उंची काम करणाऱ्या बाईच्या उंचीनुसार. ओटा आणि मोरी किती उंच असावी हे ठरवण्यासाठी त्यांनी ४,०००हून अधिक महिलांकडून माहिती घेतली होती. फ्रीजच्या दारातले खण आणि पायाने उघडणारी कचराकुंडी यांचे श्रेयही त्यांना दिले जाते. हात भरलेले असताना झाकण उघडायला पाय कामी आणणे, हे डोके त्यांचेच शोभते.

१९३५ पासून त्या पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक होत्या. पण डॉक्टर म्हणून मला त्यांचे त्यानंतरचे काम अधिक मोलाचे वाटते. युद्धात अवयव गमावलेल्या सैनिकांना पुन्हा कामाला लावण्याचा अनुभव त्यांच्यापाशी होता. १९४० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या हृदयविकार संघटनेबरोबर त्यांनी ‘हार्ट किचन’ घडवले. बसून करता येईल अशी कामाची जागा, हाताच्या टप्प्यातली भांडी, उचलण्याऐवजी सरकवणे. रुग्णाला घरकाम बंद करायला सांगून ती ते बंद करणार नाही, हे त्यांनी गृहीत धरले होते. शिवाय घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी कामे वाटून घ्यावीत असेही त्या सांगत, आणि स्वतःच्या घरी त्यांनी तसे करूनही घेतले. त्यांच्या शिकवणीचा हा भाग मात्र ट्रॉल्यांइतका कोणी उचलला नाही.

२ जानेवारी १९७२ रोजी, ९३ व्या वर्षी लिलियन यांचे निधन झाले. ऐंशी पार केल्यावरही त्या व्याख्यानांसाठी प्रवास करत असत.

त्यांच्याविषयी वाचल्यापासून दम लागणाऱ्या बाईंना औषधे लिहून देताना मी एक प्रश्न जास्त विचारते: पिठाचा डबा कुठे असतो? बहुतेकींचे उत्तर येते, खाली, मागच्या बाजूला. सोबत आलेल्या मुलाला किंवा नवऱ्याला विचारले, तर त्याला बहुधा माहीत नसते.